आडत कोण देतं?

२०१६ च्या जुलैत मी एफवायबीएला प्रवेश घेतला, तेव्हा आमच्या निफाड तालुक्यात कांद्याचे लिलाव बंद होते. राज्य सरकारने अध्यादेश काढून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला होता, आणि सोबत आणखी एक बदल केला होता. आडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याचं कमिशन, यापुढे शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशोबाच्या पावतीतून) कापायची नाही, ती खरेदीदाराने भरायची. व्यापाऱ्यांना ते मान्य नव्हतं. लासलगावला, पिंपळगावला ट्रॅक्टरच्या रांगा नाहीत, काही नाही. कांदा साठवायच्या आमच्या चाळीतला उन्हाळ कांदा तसाच पडून होता आणि भाव त्याआधीच इतके उतरलेले होते की काढणीची मजुरीही निघणार नव्हती.

मी फी भरल्याची पावती घेऊन घरी आले तेव्हा अप्पा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. कोणते विषय घेतले म्हणून त्यांनी विचारलं. मराठी, इंग्रजी, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, असं सांगितलं. शेवटच्या विषयाला त्यांनी पेपर खाली ठेवला.

"अर्थशास्त्र म्हणजे पैशाचंच ना? मग मला एक सांग. आता आडत व्यापारी देणार म्हणू राहिले. पण तो देणार कुठून? उद्या लिलावात बोलीच तेवढी कमी बोलला, तर दिली कोणी?"

मी गप्प राहिले. बारावीत अर्थशास्त्र शंभर मार्कांचं होतं, मला त्यात चांगले मार्क होते, आणि तरी या प्रश्नाला हात कुठून घालायचा ते मला कळेना. अप्पांनी पुन्हा विचारलं नाही. पण तो प्रश्न माझ्या तीन वर्षांच्या बीएला जो चिकटला तो सुटला नाही. पुढे वर्गात काहीही नवीन शिकवलं की मी आधी तिथे लावून बघायचे.

पहिलं वर्ष मला अवघड गेलं. अभ्यास जास्त होता असं नाही, त्याचा सूर वेगळा होता. पेपर भारतीय अर्थव्यवस्थेचा. दारिद्र्य, बेरोजगारी, लोकसंख्या, शेती. प्रत्येक धड्याची मांडणी एकच: अर्थ, व्याख्या, वैशिष्ट्ये, कारणे, उपाय. बाजारात गाईड मिळायचं, त्यात शेतीच्या कमी उत्पादकतेची बारा कारणं ओळीने दिलेली असायची. बाराच्या बारा पाठ करून लिहिली की मार्क मिळत. मी ती लिहिली. पण त्यातलं दहावं कारण पहिल्याशी भांडतंय का, कोणतं मोठं आणि कोणतं फुटकळ, हे कोणी विचारत नव्हतं. आमच्या घरात शेती हा एवढा एकच विषय दिवसरात्र चालायचा आणि त्या गाईडमध्ये तो मला ओळखू येत नव्हता.

सकाळी सव्वासहाची एसटी. पास काढलेला असायचा. हिवाळ्यात गाडी उशिरा यायची आणि पहिला तास बुडायचा. वर्गात साठ-सत्तर जण, त्यातले निम्मे स्पर्धा परीक्षेच्या तयारीत, काही नावापुरते. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. तालुक्याच्या गावात बीए करणं असंच असतं, आणि त्या वर्गातून नंतर तलाठी झाले, शिक्षक झाले, एक मैत्रीण बँकेत लागली.

मग ८ नोव्हेंबर आला. पाचशे आणि हजाराच्या नोटा रात्रीतून बंद. देशात चलनात असलेल्या रकमेपैकी सुमारे ८६ टक्के या दोन नोटांत होती, हा आकडा आमच्या सरांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. त्याच्याखाली एक समीकरण लिहिलं. एका बाजूला पैसा गुणिले त्याचा भ्रमणवेग, दुसऱ्या बाजूला किंमतपातळी गुणिले व्यवहार. फिशरचं समीकरण. सर म्हणाले, "हे तुम्हाला पुढच्या वर्षी आहे. पण पुढच्या वर्षापर्यंत थांबण्यात अर्थ नाही, कारण हे आत्ता बाहेर चाललंय."

त्या तासाला मी पहिल्यांदा वहीत न सांगता काही लिहिलं. डावीकडचा पैसा एकदम आटला. उरलेल्या शंभराच्या नोटा लोक सोडेनात, म्हणजे भ्रमणवेगही घटला. मग उजवीकडे काहीतरी खाली यायलाच हवं, किंमत किंवा व्यवहार. सरांनी विचारलं, तुमच्याकडे काय खाली आलं? एक मुलगा म्हणाला, द्राक्षबागेत छाटणीचे मजूर रोखीशिवाय यायला तयार नाहीत. एक मुलगी म्हणाली, आमचं किराणा दुकान आहे, उधारीची वही भरली. मी म्हणाले, कांदा विकला, चेक मिळाला आणि तो वटायची वाट बघतोय. सरांनी प्रत्येकाचं उत्तर त्या समीकरणाच्या एकेका अक्षराखाली लिहिलं. साठ-सत्तर जणांच्या वर्गात त्या दिवशी कोणी उठून गेलं नाही.

एसवायला स्पेशल विषय निवडायचा असतो. मी अर्थशास्त्र घेतलं. घरी आत्याने विचारलं, त्याला नोकरी कुठे असते? मला सांगता आलं नाही. आई म्हणाली, "तिला आवडू राहिलं ना, मग घेऊ दे." तेवढ्यावर तो विषय संपला. आईने तेव्हा आणखी एक शब्द जरी वेगळा बोलला असता तर मी कदाचित मराठी घेतलं असतं, आणि ते मला अजूनही आठवतं.

स्पेशलला आम्ही एकोणीस जण. सूक्ष्मलक्ष्यी, स्थूललक्ष्यी आणि बँकिंग असे पेपर. सूक्ष्मलक्ष्यीचा तास एका मॅडमकडे होता. त्यांचा पहिला नियम: अक्षांना नाव दिल्याशिवाय रेघ ओढायची नाही. मागणी वक्र काढताना किंमत उभ्या अक्षावर का, मागणी किंमतीवर अवलंबून असेल तर ती उभ्या अक्षावर हवी ना, असं मी विचारलं. गणिताच्या शिस्तीने पाहिलं तर तुझं बरोबर आहे, त्या म्हणाल्या. पण आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात अशी आकृती काढली आणि सगळं जग तेव्हापासून तशीच काढतं. मला हे उत्तर फार आवडलं. पुस्तकातली गोष्ट आकाशातून पडलेली नसते, कोणीतरी एका वर्षी बसून ती ठरवलेली असते, एवढं त्यातून कळलं, आणि त्यानंतर पुस्तकाची भीती कमी झाली.

लवचिकता मात्र मला महिनाभर कळली नाही. व्याख्या येत होती: मागणीतला शेकडा बदल भागिले किंमतीतला शेकडा बदल. पण सरळ रेषेचा उतार सगळीकडे सारखा असताना तिच्यावरची लवचिकता बिंदूगणिक वेगळी कशी, हे डोक्यात शिरेना. दहावीनंतर मी गणित सोडलेलं. शेजारच्या घरात एक मुलगा अकरावी सायन्सला होता, त्याचं गणिताचं पुस्तक मी रात्री नऊनंतर आणायचे आणि सकाळी एसटीला जाताना परत द्यायचे. उतार म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. शेवटी उलगडा झाला तो साध्या आकडेमोडीने. दहा रुपयांचा कांदा अकरा झाला तर वाढ दहा टक्के. पन्नासचा एक्कावन्न झाला तर दोनच टक्के. रुपया तोच, टक्का वेगळा. वहीच्या त्या पानावर मी तारीख घातली होती.

कला शाखेतून अर्थशास्त्र करणाऱ्या कोणालाही मी आज हे एकच कळकळीने सांगेन: गणित टाळू नका. पदवीच्या पेपरात ते टाळून चालतं, आमच्या वेळी तरी चालायचं. पण त्याशिवाय तुम्ही आकृत्या चित्रासारख्या पाठ करता आणि पेपरात रेघ जरा तिरकी आली की पुढचं सगळं कोसळतं.

लवचिकता कळल्यावर मॅडमनी आम्हाला एक जुनी गोष्ट सांगितली. इंग्लंडात सतराव्या शतकात धान्याच्या पिकाचा आणि भावाचा संबंध मोजला गेला होता. चार्ल्स डॅव्हनंट यांनी १६९९ मध्ये तो छापला, ग्रेगरी किंग यांच्या नावाने तो ओळखला जातो. पीक दहा टक्के कमी आलं तर भाव तीस टक्के चढतो, वीस टक्के कमी आलं तर ऐंशी टक्के, तीस टक्के कमी आलं तर एकशे साठ. मॅडम म्हणाल्या, आता हे उलटं वाचा. पीक थोडं जास्त आलं तर? लोक भाजीत कांदा दुप्पट घालत नाहीत. म्हणजे भाव पिकापेक्षा कितीतरी वेगाने पडणार आणि जास्त पिकवणाऱ्याच्या हातात कमी पैसे येणार.

मी ते घरी येऊन अप्पांना सांगितलं, किंगचं नाव न घेता. ते म्हणाले, "मग एकट्याने कमी पिकवून काय होणार? मी कमी लावला तर भाव वाढंल का?" त्या एका वाक्यात त्यांनी पुढच्या सत्राचा पूर्ण स्पर्धेचा धडा सांगितला होता. एकटा विक्रेता बाजारात इतका छोटा असतो की त्याच्या माघारीने किंमत हलत नाही. मी वहीत त्या धड्याच्या सुरुवातीला त्यांचं वाक्य लिहून ठेवलं.

कॉबवेब आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. मॅडमनी जादा तास घेऊन शिकवलं. मागच्या हंगामाचा भाव बघून शेतकरी या हंगामात लागवड करतो. भाव चढा होता म्हणून सगळे लावतात, माल मावत नाही, भाव पडतो. पडलेला भाव बघून पुढच्या वेळी कमी लावतात, तुटवडा होतो, भाव चढतो. मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषांमध्ये हा प्रवास काढत गेलं की कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती होते. हे नाव निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये दिलं. पुरवठा मागणीपेक्षा जास्त लवचिक असेल तर जाळं बाहेर बाहेर पसरत जातं, भाव कधीच स्थिरावत नाही.

ती आकृती बघताना माझ्या अंगावर काटा आला. माझ्या धाकट्या काकांनी एका वर्षी चढा भाव बघून शेजारचं रान वाट्याने घेऊन त्यातही कांदा लावला होता, आणि त्याच वर्षी भाव बसला. घरात त्याबद्दल 'त्यांना हाव सुटली' असं बोललं जायचं. जाळ्याच्या आकृतीत हाव कुठेच नाही. तिथे प्रत्येक जण आपल्याला माहीत असलेल्या एकमेव आकड्यावर शहाणपणाने वागतोय. मी हे काकूला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिला आकृती किती कळली माहीत नाही, पण 'म्हणजे सगळ्यांचंच तसं होतं व्हय' असं ती म्हणाली आणि बराच वेळ तिथे बसून राहिली.

आमच्याकडे मात्र आकृतीत नसलेली एक गोष्ट होती: चाळ. कॉबवेबमध्ये आलेला सगळा माल त्याच हंगामात विकला जातो असं धरतात. लाल कांद्याचं तसंच आहे. तो पावसाळ्यात वाढतो, दिवाळीच्या आसपास बाजारात येतो आणि टिकत नाही, काढला की विकावा लागतो. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत पाच-सहा महिने राहतो. वजन घटतं, काही सडतो, पण थांबता येतं. हे मी मॅडमना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, हे तू लिहून ठेव, पुढे कामाला येईल.

मी लिहिलं, आणि त्या दिवसापासून एक वेगळी वही केली. पेपरात रोज लासलगावचे भाव यायचे, किमान, कमाल, सरासरी. ते उतरवून घ्यायचे. आवक क्विंटलमध्ये दिली असेल तर तीही. शेजारच्या रकान्यात त्या दिवशी काय घडलं ते. त्या वहीत २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने टनाला ८५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावाने निर्यात करता येत नाही) लावल्याची नोंद आहे, आणि पुढच्या फेब्रुवारीत ते काढल्याची. त्या दोन नोंदींच्या मधली पानं मी नंतर कितीदा चाळली असतील.

भाषेचं सांगायला हवं. आमचं माध्यम मराठी. सीमांत उपयोगिता, समवृत्ती वक्र, रोखता पसंती, गुणक हे शब्द मला आज घरचे वाटतात आणि त्यांच्याशिवाय मला विचार करता येत नाही. पण ग्रंथालयात मराठी पुस्तकांचं एक कपाट संपलं की पुढची सगळी कपाटं इंग्रजी. मी एक पूर्ण वर्ष त्या कपाटांना हात लावला नाही.

तो हात लावला तो डॉ. आंबेडकरांमुळे. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा १९१८ सालचा त्यांचा निबंध आहे. आमचं रान तीन तुकड्यांत सव्वातीन एकर, म्हणून शीर्षक वाचून थांबले. शब्दकोश शेजारी ठेवून तो निबंध वाचायला मला सतरा दिवस लागले. त्या काळात सगळे म्हणत होते की तुकडे एकत्र करा, जमीन मोठी करा, म्हणजे शेती सुधारेल. आंबेडकर विचारतात, मोठी म्हणजे किती? जमीन लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही, तिच्यावर किती भांडवल आणि किती श्रम लावले जातात त्या प्रमाणावर ठरतं. आणि खरा आजार असा की शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अवलंबून आहेत, त्यांना दुसरीकडे काम नाही, आणि काम नसलेल्या माणसालाही रोज जेवावं लागतं. म्हणून उपाय शेतीच्या बाहेर, उद्योगात शोधावा लागेल.

हे लिहिलं तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. मी वीस वर्षांची. गाईडमधल्या बारा कारणांत 'जमिनीचे तुकडीकरण' हे तिसरं कारण होतं आणि 'तुकडे एकत्र करणे' हा तिसरा उपाय. इथे एक माणूस त्या तिसऱ्या कारणालाच धरून त्याची उलटतपासणी करत होता. अर्थशास्त्र असं करता येतं हे मला त्या निबंधाने दाखवलं. सतराव्या दिवशी शेवटचं पान संपलं तेव्हा मी ग्रंथालयातच बसून रडले. का ते नीट सांगता येत नाही. एक कारण हे की मी इंग्रजीतलं काहीतरी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं होतं, आणि ते आमच्या रानाबद्दल होतं.

टीवायला आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र आणि सार्वजनिक आयव्यय. पहिल्यात रिकार्डोचा तौलनिक खर्च. इंग्लंडला कापडासाठी १०० माणसं लागतात आणि दारूसाठी १२०, पोर्तुगालला ९० आणि ८०; पोर्तुगाल दोन्हींत सरस, तरी दोघांनी व्यापार केला तर दोघांचा फायदा. १८१७ मधलं हे उदाहरण सोडवायला मला मजा यायची. पण माझ्या वहीतले निर्यात मूल्याचे आकडे आठवले की वाटायचं, फायदा देशाचा झाला तरी देशाच्या आत तो कोणाकडे गेला? सरांना विचारलं. त्यांनी निर्देशांकाचा धडा काढला. किरकोळ महागाई मोजायची टोपली असते, तिच्यात प्रत्येक वस्तूला भार असतो. त्या टोपलीत कांद्याचा भार तेव्हा शंभरात ०.६४ होता. एवढासा. पण त्याचा भाव दुप्पट-तिप्पट होतो तेव्हा तो एवढासा भारही बातम्यांत येतो, आणि शहरातल्या स्वयंपाकघरात तो रोज लागतो. भाव पडतो तेव्हा त्याची बातमी त्या टोपलीतून येत नाही.

ती बातमी आमच्या तालुक्यातून आली. २०१८ च्या नोव्हेंबरच्या शेवटी निफाडच्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकून हाती आलेले १,०६४ रुपये मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले. किलोला सुमारे १ रुपया ४० पैसे भाव मिळाला होता. आमच्या घरीही तेच चाललं होतं. चढ्या भावाच्या आशेने लोकांनी उन्हाळ कांदा चाळीत धरून ठेवला, तो चढला नाही, आणि तोवर नवा लाल कांदा बाजारात आला. दोन्ही एकदम. त्या महिन्यात माझ्या वहीत रोजचा आकडा लिहितानाही हात जड व्हायचा. राज्य सरकारने क्विंटलला २०० रुपये अनुदान जाहीर केलं. अप्पा पट्ट्या जपून ठेवू लागले, एरवी त्या खिशातच चुरगळायच्या.

परीक्षेच्या फीसाठी आईने तिच्या बचत गटातून पैसे काढले. मला ते निकालानंतर कळलं.

आणि मग जानेवारीत सार्वजनिक आयव्ययाच्या तासाला सरांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: कराघात, करसंक्रमण, करभार. कायद्याने कर ज्याच्याकडून वसूल होतो त्याच्यावर कराघात. तो कर किंमतीतून पुढे किंवा मागे ढकलणं हे संक्रमण. आणि शेवटी ज्याच्या खिशातून तो खरोखर जातो त्याच्यावर करभार. सर पुढे बोलत होते, पण मला दुसरंच काही ऐकू येत होतं. जुलै २०१६, ओटा, 'तर दिली कोणी?'

भार कोणावर पडणार हे कायद्यात कोणाचं नाव लिहिलंय त्यावर ठरत नाही. ते लवचिकतेवर ठरतं. ज्या बाजूला थांबता येत नाही, दुसरीकडे जाता येत नाही, तिच्यावर जास्त भार. सरांनी साबणाचं आणि मिठाचं उदाहरण घेतलं. मी वहीच्या मागच्या पानावर आडतीची आकृती काढायला घेतली. त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री मी त्यावर घालवल्या.

ट्रॅक्टर लिलावात उभा राहिला की त्या दिवसापुरता पुरवठा जवळजवळ उभी रेघ असते. भाडं देऊन माल आणलेला, परत नेला तर पुन्हा भाडं आणि परवाच्या भावाची शाश्वती नाही. व्यापाऱ्याला आडत भरायची असेल तर तो तेवढी बोली कमी करू शकतो, कारण समोरचा निघून जाणार नाही. म्हणजे आडत पट्टीवरून गेली तरी भावात राहिली. अप्पांचा संशय बरोबर होता. पण नेहमी नाही. उन्हाळ कांदा चाळीत असेल आणि भाव पटला नाही तर शेतकरी आठ दिवस थांबतो, पुढच्या वेळी दुसऱ्या बाजार समितीत नेतो. रेघ तिरकी होते. मग व्यापाऱ्याला सगळीच्या सगळी आडत बोलीतून वळती करता येत नाही, काही भाग खरंच त्याच्याकडे राहतो. म्हणजे एकाच नियमाचं उत्तर लाल कांद्याला एक आणि उन्हाळ कांद्याला दुसरं.

सरांना दाखवलं. त्यांनी आकृती दोनदा पाहिली, अक्षांना नावं आहेत का ते तपासलं आणि एक गोष्ट विचारली: लिलावात बोली लावणारे किती आणि ते एकमेकांना ओळखतात का? खरेदीदार मोजकेच असतील तर तुझी मागणीची रेघ अशी राहणार नाही. ते मी धरलंच नव्हतं. पेन्सिलने खाली लिहून घेतलं.

मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा झाली. सार्वजनिक आयव्ययाच्या पेपरात करभारावर प्रश्न आला, मी साबणाचंच उदाहरण लिहिलं. आडतीचं लिहायचं धाडस झालं नाही, वेळही नव्हता. त्याची रुखरुख अजून आहे.

निकाल लागला त्या संध्याकाळी अप्पा चाळीत होते. नवा उन्हाळ कांदा भरून झाला होता, खालच्या फटींतून वारा खेळतोय का ते वाकून बघत होते. मी त्यांना पहिला वर्ग मिळाल्याचं सांगितलं. त्यांनी हात पुसून गुणपत्रिका घेतली, सगळे विषय सावकाश वाचले. मग मी म्हणाले, "अप्पा, तुम्ही एक विचारलं होतं. आडतीचं."

"काय विचारलं होतं?"

मी आठवण करून दिली. ते खाली पोत्यावर बसले. मी वही उघडून, पण आकृती न दाखवता, सांगत गेले. लाल कांद्याची आडत आपणच देतो, भावातून. उन्हाळ कांद्याची सगळी नाही, काही त्यांच्याकडेही राहते, कारण आपल्याकडे ही चाळ आहे आणि आपण थांबू शकतो. मागच्या डिसेंबरचं त्यांनी मध्येच काढलं, थांबलो होतो की, काय झालं? मी म्हणाले, थांबता येतं म्हणजे भाव चढेलच असं नाही, फक्त नको तेव्हा विकायची सक्ती नसते. त्यांनी मान हलवली. ते पटलं की नाही हे मला कळलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी पलीकडच्या घराकडे हात केला. तिथल्या मावशींनी दीड एकर उन्हाळ कांदा काढला होता आणि तो झाडाखाली पाचटाने झाकून ठेवला होता.

"तिला कुठे चाळ आहे? तिने काय करावं?"

मी वहीतलं ते पान उलटलं आणि मागे आमच्या गल्लीतली घरं लिहायला लागले. अप्पा एकेक नाव सांगत गेले, मी नावापुढे चाळ आहे की नाही ते मांडत गेले. अकरा घरं झाली. चाळ चौघांची होती. मग ते म्हणाले, मळ्यातली राहिली, आणि उठून पुढची नावं सांगू लागले.